साहेबांच्या कोटातला हात

ता. ६ फेब्रुवारी

ती. ताईस,
टिल्लूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आई पुन्हा दोन घास नीट जेवायला लागली हे वाचून जिवात जीव आला. माझा गुडघा आहे तसाच आहे. सूनबाईचं म्हणणं असं की मी लंगडतो कमी आणि कण्हतो जास्त. तू तिचीच बाजू घेशील, म्हणून पुढे लिहीत नाही.

आता बातमी. सभागृहात टांगलेल्या पुढाऱ्यांच्या चित्रांचं काय करायचं ते ठरवायला समिती नेमली आहे, आणि संग्रहालयात जन्मभर जुनी चित्रं पुसली-सांधली म्हणून मलाही त्यात ओढलंय. प्रत्येक चित्रापुढे उभं राहून दोन गोष्टी ठरवायच्या: चित्र कसं उतरलंय, आणि काढणाऱ्याच्या मनात काय होतं. निव्वळ खुशामत असेल ते गोदामात जाणार, बाकीची संग्रहालयात. अगं, काय काय नमुने आहेत! एका अर्थमंत्र्यांना चित्रकारानं मानच दिलेली नाही. बरणीवर झाकण ठेवावं तसं डोकं थेट कॉलरवर ठेवलंय. एका बाईंच्या हातातलं पुस्तक उलटं आहे आणि त्या ते मन लावून वाचताहेत. आमच्या अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीशबाई, हसल्या नाहीत, पण बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

मग आम्ही जिन्यामागच्या बोळात गेलो. तिथे बाबांनी काढलेले साहेब आहेत. तेच, काळ्या कोटातले, ज्यांच्या राज्यात दादाला नेलं. झाडणारी बाई सांगत होती की तिथली फरशी पुसताना ती चित्रावर फडकं टाकते. चेहऱ्याचं तिला काही वाटत नाही म्हणे, खुर्चीच्या दांड्यावर ठेवलेल्या त्या डाव्या हाताचं वाटतं. आत्ता उचलेल असं वाटतं म्हणाली.

कलेचे प्राध्यापक मात्र हात बघून खूश झाले. त्यांचं म्हणणं, चेहरा राजाचा आणि हात कुण्या पोरसवदा विद्यार्थ्याचा, तोही वाकड्या करंगळीचा. म्हणजे चित्रकारानं साहेबांची उघड चेष्टा केली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. असा शूर माणूस संग्रहालयात पहिल्या दालनात हवा. मी मुलगा, मला घरचं ठाऊक असणार, तेव्हा बाबांच्या मनात चेष्टाच होती असं मी लिहून द्यायचं आहे.

ताई, ती दादाची करंगळी आहे. लहानपणी खिडकीच्या झडपेत सापडून वाकडी झालेली. बाबांची कामाची रीत तुला माहीतच आहे. पुढारी चेहऱ्यापुरता अर्धा तास द्यायचे आणि कोट पाठवून द्यायचे. मग तो कोट घालून घरातलं कुणीतरी बसायचं. आपण सगळे कधी ना कधी मंत्री झालो. तू तर एकदा पाठमोरी महापौर होतीस. साहेबांच्या कोटात दादा बसला असणार. झडतीत त्याचे सगळे फोटो गेले. आता आपल्याकडे तो एवढाच उरलाय, खुर्चीच्या दांड्यावर टेकलेला एक हात. संग्रहालयात गेला तर टिकेल. गोदामाचं छप्पर गळतं.

मला भुताखेतांचं वेड नाही, तुला ठाऊक आहे. पण रोज घरी निघताना मी त्या बोळात जातो आणि मग पाय निघत नाही. बाबांनी तो हात मुद्दाम, चेष्टेनंच काढला, एवढं तू मला लिही. मग मी डोळे मिटून सही करीन.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिला नमस्कार. तुझी माया माझ्यावर आहे, तशीच राहू दे.

तुझा,
टिल्लू


ता. १५ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

डोक्यावरचे केस गेले तरी तू टिल्लूच राहिलास. मोठ्या बहिणीकडून हवं तसं उत्तर मागून घ्यायची सवय अजून गेली नाही. गुडघ्याला शेक दे आणि सूनबाईचं ऐक.

तुझं पत्र वाचलं. तुला हे ठाऊक नाही हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. तू तेव्हा मावशीकडे होतास. दादाला नेल्यावर आईनं तुला लगेच तिकडे पाठवलं होतं. साहेबांचा कोट त्यानंतर घरी आला. दादा त्या कोटात कधीच बसला नाही. मी बसले.

बाह्या मला लांब व्हायच्या, म्हणून बाबांनी त्या टाचण्यांनी आत दुमडल्या होत्या. अस्तराला डांबरगोळ्यांचा आणि तंबाखूचा वास होता. आई त्या खोलीत पाऊल टाकायची नाही, जेवण उंबऱ्यावर ठेवून जायची. मी हात दांड्यावर ठेवून बसायचे आणि बाबा त्याच्याकडे बघून रंगवायचे. आपल्या घरात सगळ्यांचे हात एकाच साच्यातले, म्हणून मला आधी काही कळलं नाही. मग एकदा पाणी प्यायला उठले आणि पाहिलं, तर करंगळी वाकडी. माझी सरळ आहे. मी बाबांना म्हटलं की हे चुकलंय. ते माझ्या हाताकडे बघत राहिले, मग चित्राकडे. खरवडायची सुरी उचलली आणि मला म्हणाले, तू जा, खेळ जा. मी सोळा वर्षांची घोडी, मी काय खेळणार होते?

आणि चेष्टेचं म्हणशील तर नाही रे. साहेबांच्या कचेरीतल्या माणसानं बाबांना सांगितलं होतं की चित्र साहेबांना आवडलं तर मुलाचं बघू. बाबांनी जीव ओतून त्या माणसाला देखणा केला. डोळ्यांखालच्या पिशव्या काढल्या, ओठांवरचा कडवटपणा काढला. नजर तर इतकी मायाळू केली की मला बघवेना. असा माणूस असता तर त्यानं दादाला परत पाठवलं असतं, एवढंच त्यांच्या मनात होतं. प्राध्यापकांना हवा तसा तो शूर माणूस नव्हता. बाप होता, आणि घाबरलेला होता. चित्र आवडलं असा निरोप आला. पुढचं तुला ठाऊकच आहे.

हल्ली आई संध्याकाळी माझा डावा हात मांडीवर घेते आणि करंगळी चाचपते. सरळ लागली की हात सोडून देते. रोज असं होतं आणि रोज मला अपराध्यासारखं वाटतं, जणू दादाच्या जागी मीच येऊन बसले आहे.

सही करायची की नाही ते मी सांगणार नाही. दादाचं तेवढंच उरलंय हे मलाही कळतं, आणि ते जावं असं मला वाटत नाही. पण बाबांना नसलेलं शौर्य चिकटवलंस तर ते मला आवडणार नाही. ते जसे होते तसे मला हवेत.

तब्येतीला जप. पत्राला उशीर करू नकोस, माझ्या जिवाला घोर लागतो.

तुझी,
ताई


ता. २ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मग दिवा घेऊन बोळात गेलो. आम्ही चित्रावर बाजूनं तिरपा उजेड टाकतो, म्हणजे रंगाचे उंचवटे दिसतात. सगळं चित्र कसं गुळगुळीत आहे, बाबांचं काम तसंच असायचं. फक्त करंगळीवर रंगाचा ढीग आहे. खरवडलंय, सरळ काढलंय, पुन्हा खरवडलंय, पुन्हा काढलंय. तू गेल्यावर ते किती वेळ झगडत बसले असतील कोण जाणे. दर वेळी ती त्यांच्या हातून वाकडीच झाली. खरं सांगतो, रडू आलं.

बैठकीत प्राध्यापकांनी बाबांचा गौरव लिहूनच आणला होता. फार सुरेख लिहिलं होतं. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली होती. मी उभा राहिलो आणि सांगितलं की यात चेष्टा नाही. चित्रकाराचा थोरला मुलगा साहेबांच्या कोठडीत होता आणि तो सुटावा म्हणून त्यानं पदरचं सगळं कसब वापरून ही खुशामत केली. हात मुलाचा का झाला, तर त्याला दुसरा काढता येईना. प्राध्यापक खट्टू झाले. न्यायाधीशबाईंनी विचारलं, मुलगा परत आला का. मी नाही म्हटलं. मग बराच वेळ सगळे नुसते कागद सारखे करत बसले.

पण नियम तो नियम. खुशामत ठरली, चित्र गोदामात. विकत मागून पाहिलं, सरकारी वस्तू विकत नाहीत म्हणाले. बारा तारखेला उतरवणार. ताई, मी खरं बोललो आणि दादाला माझ्याच हातानं दुसऱ्यांदा घालवलं. झोप लागत नाही.

आईला आणता आलं तर घेऊन ये. तिला कळो न कळो, एकदा बघू दे. मी त्या दिवशी गोदामातच असेन. कुठल्या भिंतीला ओल नाही ते शोधून ठेवतो.

येशील ना? वाट बघतो.

तुझा,
टिल्लू


ता. १४ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघी नीट घरी पोचलो. प्रवासाचा आईला त्रास झाला नाही. परवा तुझ्याकडे सगळी मंडळी भोवती होती आणि तू गोदामातून धुळीनं माखून आला होतास, त्यामुळे बोळात काय झालं ते सांगायचं राहिलं. खरं तर मला सांगवलं नाही. आता लिहिते.

आम्ही गेलो तेव्हा माणसं शिडी लावत होती. न्यायाधीशबाई तिथे होत्या. त्यांनी माणसांना थांबवलं आणि आईला खुर्ची दिली, पण ती बसली नाही. मला वाटलं ती हात बघेल. मी तिला हाताजवळ उभं केलं, करंगळी दाखवली. तिनं तिकडे पाहिलंही नाही. ती वर चेहऱ्याकडे बघत राहिली आणि मग पदर सारखा केला, बाबा कामावरून आले की करायची तसा.

मग मीही वर पाहिलं. टिल्लू, इतकी वर्षं आपण त्या चेहऱ्याला साहेब साहेब म्हणत आलो. नाक त्यांचं आहे, कपाळ त्यांचं आहे. पण ती नजर बाबांची आहे रे. दादाला नेल्यावर दाराशी जरा आवाज झाला की ते असेच बघायचे. मायाळू नजर त्यांनी आणली कुठून, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं.

आई त्यांच्याशी बोलली. हळूच, शिडीवरच्या माणसांना ऐकू जाऊ नये अशी. आपल्या घरात जे कुणी कधी तोंडातून काढलं नाही, बाबा गेले तेव्हाही नाही, ते तिनं सांगितलं. म्हणाली, उठा आता, फार वेळ बसलात, तो काही यायचा नाही, घरी चला.

मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, हे उठेपर्यंत थांबू या. चित्र भिंतीवरून उतरेपर्यंत आम्ही तिथे उभ्या होतो.

आता जास्त लिहवत नाही. तू झोप घे, आणि आम्हा दोघींवर जीव आहे तो राहू दे.

तुझी,
ताई