ठिणगीचं कार्ड

सोमवार, ३ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा. दोन बॅगा, एक छत्री, लाल शाईची बाटली आणि मी, सगळे धड आहोत. खोली पाहिली आणि प्रवासाचा शीण कुठल्या कुठे गेला. बाईंची खोली! ज्या टेबलावर एकतीस पुस्तकं लिहिली गेली, त्याच टेबलाशी बसून हे लिहितो आहे. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली कागदाची घडी सरकवली आहे. खिडकीतून मागची गल्ली, सायकल दुरुस्तीचं दुकान आणि एक ऐदी मांजर दिसतं. आणखी काय पाहिजे?

सव्वीस वर्षं मी बाईंच्या पुस्तकांची प्रुफं तपासली. गेल्या वर्षी त्या गेल्या. आता प्रकाशकांच्या डोक्यात आलं आहे की बाईंचे तिघे, कप्तान, ढापण्या आणि ठिणगी, म्हातारे झालेले दाखवायचे. एकतीस पुस्तकं ते तेरा, अकरा आणि नऊ वर्षांचेच राहिले. वाचणारी पोरं आजी-आजोबा झाली आणि हे आपले अजून पाण्याच्या टाकीवर चढून चोर पकडताहेत. पुढचं पुस्तक लिहायचं कोणी, तर म्हणे मी, कारण त्या तिघांना माझ्याइतकं ओळखणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता स्वतः करायची पाळी आली.

टेबलावर बाईंचा पत्र्याचा डबा आहे. त्यात प्रत्येक पात्राचं एक कार्ड. वय, उंची, दात, अंगावरच्या खुणा, आवडीनिवडी आणि सगळ्यांत खाली 'शेवट', तो रकाना कोरा. मी चूक कळवली की बाई हेच कार्ड काढून बघायच्या. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी लिहून ठेवलंय, पेन्सिलनेच लिहायचं, स्वतःचं काही द्यायचं नाही. लेखक मंडळींची खुळं असतात एकेक. मला पेन्सिलचा मनस्वी तिटकारा आहे. प्रुफावर पेन्सिल चालवणारा माणूस भित्रा असतो, हे माझं जुनं मत.

खाली बाईंची भाची राहते. पन्नाशीची आहे, शाळेत चित्रकला शिकवते. चहा घेऊन आली तेव्हा दाराबाहेरूनच म्हणाली, मी भाची, आत येतेय. जाताना, मी भाची, जातेय. तीस वर्षांची सवय आहे म्हणे. मला हसू येत होतं, पण चहा इतका फक्कड होता की मी ते चहाबरोबर गिळलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज कार्डांना हात घातला. तिघांना सत्तेचाळीस वर्षांनी वाढवायचं ठरवलं, म्हणजे साठ, अठ्ठावन्न आणि छप्पन. सत्तेचाळीसच का, हे प्रकाशकांना सांगितलेलं नाही. वहीला सांगायला हरकत नाही.

मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा माझी धाकटी बहीण पिटू नऊची होती. चार महिने अंथरुणाला खिळली होती. मी उशाशी बसून तिला या तिघांची पुस्तकं वाचून दाखवायचो. एकदा मला थांबवून म्हणाली, ठिणगीचा पडलेला दात नवव्या पानावर परत कसा आला रे? छापलेल्या पुस्तकातली चूक पकडणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माझा हा सगळा धंदा खरं म्हणजे तिचा. शेवटी शेवटी तिला एकच ध्यास लागला होता, ठिणगी मोठी झाल्यावर कशी दिसेल? मी म्हणायचो, थांब, पुढच्या पुस्तकात येईल. पुढच्या पुस्तकात ठिणगी नऊचीच होती, आणि पिटू नव्हती.

म्हणून हे काम घेतलं. तिला दिलेला शब्द आहे, सत्तेचाळीस वर्षं उशीर झालाय एवढंच.

मला कल्पनाशक्ती नावाची गोष्ट नाही. प्रुफं तपासणाऱ्याला ती असून चालतही नाही. त्यामुळे कार्डं भरताना जे जवळ होतं तेच दिलं. कप्तानाला माझा दुखरा उजवा गुडघा दिला आणि वर एक काठी. ढापण्याला माझा तीन चमचे साखरेचा चहा. दोघांनाही शोभलं. लाल शाईने, ठसठशीत अक्षरात लिहिलं. ठिणगीचं कार्ड अजून कोरं आहे. तिचं नीट, सावकाश करायचंय.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

गुडघा दुखत नाही! सहा वर्षांत पहिल्यांदा. गंमत म्हणून जिना दोनदा धावत चढलो. दादाला फोन करून सांगितलं. दादा म्हणाला, हवा मानवली रे तुला, तिथंच रहा.

चहा मात्र बेचव. भाचीला म्हणालो, साखर विसरलात. ती म्हणाली, मोजून तीन चमचे घातलेत, आणि काल भरलेला साखरेचा डबा आज निम्म्यावर आलाय, तुम्ही नुसती खाता की काय? मी कशाला खाऊ?

कप्तानाला माझ्या भुवईवरचा व्रण दिला, सायकलवरून पडलो होतो तेव्हाचा. ढापण्याला आमच्या लहानपणच्या घराचं फाटक दिलं, कुरकुरणाऱ्या बिजागरीसकट.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळी दाढी करताना पाहिलं, भुवई गुळगुळीत. व्रण नाही. आरसा पुसला, चष्मा पुसला, बोट फिरवून पाहिलं. पन्नास वर्षांचा व्रण रातोरात जात नसतो.

मग फाटक आठवून पाहिलं. रंग आठवेना. ज्या फाटकावर झोके घेतले म्हणून मार खाल्ला, त्याचा रंग आठवेना. कार्ड काढलं. निळा. अक्षर माझंच. वाचून कळलं, पण आठवलं नाही.

दुपारी गच्चीवर काठी वाजली. टक, मग पाय ओढल्याचा आवाज, परत टक. भाची शाळेत होती. वर गेलो तर कोणी नाही. वाळत घातलेल्या चादरी मात्र दोन्हीकडे सारलेल्या होत्या, मधून कोणी चालत गेल्यावर सारलेल्या असतात तशा.

मी भ्यालो. इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

प्रकाशकांचं पत्र आलं. शेवटच्या प्रकरणात ठिणगी जाते, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. वाचक ढसाढसा रडले पाहिजेत म्हणे. मी फोन केला. ते म्हणाले, म्हातारपणाचं पुस्तक कोणी गेल्याशिवाय संपणार कसं? मी म्हणालो, शेवटचं पान आलं की संपतं, सगळी पुस्तकं तशीच संपतात. त्यांनी फोन ठेवला. मी आपटला.

शनिवारचं विसरलो नव्हतो. पण राग आला की मला पुढचं दिसत नाही. ठिणगीचं कार्ड ओढलं आणि एका बैठकीत भरून टाकलं. पुढच्या दोन दातांमधली फट. संत्र्याची साल न तोडता एका लांबलचक पट्टीत सोलायची कला. हसता हसता लागणारी उचकी. माझी बोटं कायम शाईने भरलेली, म्हणून तिने मला ठेवलेलं नाव, शाईबोट्या. सगळं पिटूचं. सगळं लाल शाईत. मारून दाखवा आता, म्हटलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पिटू हसायची कशी?

सकाळपासून आठवतोय. ती हसायची हे माहीत आहे. आवाज येत नाही.

घाबरून खाली गेलो आणि भाचीला सगळं सांगितलं. ती हसली नाही. खुर्ची ओढून समोर बसली. म्हणाली, तीस वर्षांपूर्वी मावशीनेही त्यांना वाढवायला घेतलं होतं. स्वतःचा गाता गळा कप्तानाला दिला आणि गळा गेला. मग एकेक करत पुष्कळ काही दिलं. एके दिवशी मी दारात उभी, आणि मावशी मला विचारते, कोण पाहिजे? तेव्हापासून भाची नाव सांगून आत येते. मी त्या सवयीला हसलो होतो याची लाज वाटली.

पुढे काय झालं, तर बाईंनी एका सकाळी बसून तिघांनाही मारलं. दुसऱ्या दिवशी सगळं परत आलं, गळा आणि भाचीसुद्धा. मग ती पानं जाळली, पेन्सिल घेतली आणि पोरांना पुन्हा तेरा, अकरा, नऊवर आणून ठेवलं. मरेपर्यंत हलू दिलं नाही.

भाचीने माझा हात धरला. म्हणाली, प्रकाशक सांगतात तसं लिहा. एक ओळ तर आहे, ठिणगी गेली. तुमची बहीण तुम्हाला परत आठवेल.

बुधवार, १२ नोव्हेंबर

रात्रभर डोळा लागला नाही. हिशोब सोपा आहे. ठिणगीला मारलं तर पिटूची आठवण मला. ठिणगी जगली तर आठवण तिला, आणि मी रिकामा.

पण आठवण घेऊन मी काय करत आलो? सत्तेचाळीस वर्षं मनातल्या मनात त्याच उशाशी बसून आहे. त्या खेपेला मी अकरा वर्षांचा होतो, हातात नुसतं पुस्तक होतं, कोणी मला विचारलं नाही. या खेपेला हातात दौत आहे.

नाही मारणार. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या विसरलो तरी सापडेल. ठिणगीला मारायचं नाही. कोणीही सांगितलं तरी नाही. मी स्वतः सांगितलं तरी नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दुपारी शेजारच्या खोलीत खुर्च्या सरकल्या. खाकरणं. कपात चमचा फिरतोय, फिरतोय, तीन चमचे साखर विरघळेपर्यंत. मी दार उघडून म्हटलं, बसा आरामात, पण साखर बेताने घ्या, भाची माझ्यावर आळ घेते. चमचा थांबला. दिसलं कोणी नाही. कपातून वाफ येत होती.

दाराची कडी घट्ट धरली होती मी. पण आवाज चढा होता माझा.

तिसरी खुर्ची रिकामी. तिच्या बुडाशी संत्र्याची साल, एकसंध.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दहा प्रकरणं झाली. ठिणगीने शाळा काढली. ठिणगी पडली, उठली. ठिणगीचे केस पिकले. प्रत्येक पानाला माझं काहीतरी जातंय. आज आईचा चेहरा.

दादाला फोन केला. म्हटलं, पिटूचं काहीतरी सांग ना. दादा म्हणाला, तिच्या पायाशी बसून तू मोठ्यानं वाचायचास, आठवतं ना रे? मी हो म्हणालो. खोटं बोललो. दादाला ते कळलं; म्हणाला, पायाशी नाही रे, उशाशी बसायचास. तो रडायला लागला, साठीचा माणूस. म्हणाला, परत ये, आत्ताच्या आत्ता निघ.

दोनच प्रकरणं राहिलीत, दादा.

रविवार, १६ नोव्हेंबर

प्रकाशकांनी शेवटचं पान स्वतःच लिहून पाठवलं. नुसतं जोडा म्हणतात. ठिणगी जाते, असं आहे त्यात.

'जाते' खोडलं. वर लिहिलं, 'राहते'. समासात सही केली. परत पाठवलं.

आता मारा उड्या.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

एक बाई चहा घेऊन येते. बाहेरून म्हणते मी भाची. कोणाची — विचारायचं राहून जातं. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवते आणि डोळे पुसते. चांगली आहे.

फोन वाजतो. कोणी दादा म्हणून आहे. मी शांत राहा म्हणालो त्याला.

लिहितोय. हात चांगला चालतो.

बुधवार, १९ नोव्हेंबर

वहीतलं मागचं वाचलं. पिटू कोण?

अक्षर माझं. लाल शाई. लिहिलंय की ठिणगीला मारायचं नाही, मी स्वतः सांगितलं तरी नाही. कारण वर दिलंय, वाचलं, पण ते दुसऱ्याच कोणाचं वाटतं —

एक ओळ लिहिली तर सगळं परत येईल, असंही लिहिलंय. सगळं म्हणजे काय काय होतं?

नाही. माणसाने इतकं ठासून लिहिलंय म्हणजे त्याला माहीत असणार. मी त्याचं ऐकणार. खोडलेलं मी परत लिहीत नसतो.

गुरुवार

शेवटचं प्रकरण झालं. ती राहिली. म्हातारी, खडखडीत, घरभर फिरतेय.

कार्डावर 'शेवट' म्हणून रकाना — त्यावर आडवी रेघ मारली. जाड. बाटली संपली.

बोटं पाहिली. स्वच्छ. एक डाग नाही. कधीच नसल्यासारखी —

जिन्यावर पावलं. काठी नाही. भाची नाही, भाची सांगून येते. ही न सांगता —

दारात बाई. पांढरी वेणी. हातात संत्रं, साल सोलतेय, तुटत नाही, जमिनीपर्यंत आली —

दातांत फट. मला शाईबोट्या म्हणाली. म्हटलं, कोण तुम्ही? हसली. हसता हसता उचकी लागली तिला. म्हणाली, ओळखलं नाहीस?

नाही, म्हटलं. पण बसा. तुम्हाला इथून कोणी घालवणार नाही —

शेजारी बसलीये. हात गार आहे. वहीत बघतेय. म्हणते, पाचव्या ओळीत चूक आहे बघ. म्हणते, आता मी वाचते, तू ऐक. म्हणते, लिही शाईबोट्या, मी तुझी