सूर्यफुलाचं पाणी आणि रथसप्तमीचं वाण

कोपरी, ठाणे (पूर्व)
१२ जानेवारी १९८८

तीर्थस्वरूप गोविंदराव यांस प्रभाकरचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे सध्या सात अंगांवरच भागवतो.) भागीरथीताईंची तब्येत आणि शेतकी खात्यातली तुमची बढती, दोन्ही मार्गी लागल्या असतील अशी आशा.

परवा ट्रंक कॉलवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं आणि पुढे तुम्हाला एका अनोळखी बाईंचं बरंच काही ऐकावं लागलं, त्याचा हा खुलासा. दिवाळीत आमच्याकडे चकली खाता खाता तुम्ही म्हणाला होतात की, पिकाचे अवशेष जाळू नयेत, मातीत गाडावेत. (पुढचं वाक्य बहुधा चकलीबरोबर पोटात गेलं.) मी इमारतीमागच्या अंगणातली आमची सूर्यफुलं कापली, दांडे चिरून वाफ्यात गाडले आणि त्याच आठवड्यात वर मेथी पेरली. तेवढ्या भरवशावर तुमच्या मेव्हणीने, म्हणजे आमच्या शालनने, इमारतभर जाहीर केलं की यंदा रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या नाहीत. प्रत्येकीला घरच्या मेथीची जुडी वाण! मेथी सोडून सगळ्यांना उत्साह आला.

उगवली ती इतकी विरळ की रोपांचं बारसं करता आलं असतं. मी आधी चिमण्यांवर, मग बियाणेवाल्यावर आणि शेवटी शेजारच्या मंदाकिनीबाईंवर संशय घेतला, कारण कुंपणापलीकडे त्यांची कोवळी मेथी हिरवीगार होती. साबणाचं पाणी इकडे टाकता का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "भावोजी, त्याला माझं पाणी कशाला? तुम्ही रोज वाकून बघता, तेवढं पुरे." तरी बाई मनाने मोठ्या. शालनची अडचण कळताच आपली मेथी वाणाला द्यायला तयार झाल्या. नुसते उपकार घेणं बरं दिसेना, म्हणून मी उरलेले दांडे भिजवून त्यांचं काळं पाणी टॉनिक म्हणून आमच्या वाफ्याला घातलं आणि एक बादली स्वहस्ते त्यांच्याही.

चार दिवसांत त्यांची मेथी पिवळी पडली. इमारतीत फोन एकच, त्यांच्याकडे. तिथूनच तुम्हाला विचारलं आणि तुम्ही नाशिकहून ओरडून सांगितलंत, "अहो, त्या दांड्यांतून अशी द्रव्यं सुटतात की पुढचं पीक मान वर काढत नाही! आधी कुजू द्यायचे, मग पेरायचं! आणि ते भिजवलेलं पाणी चुकूनही कुठल्या वाफ्यात घालू नका!" मंदाकिनीबाई माझ्यासाठी चहा घेऊन शेजारीच उभ्या होत्या. मी तत्परतेने सांगितलं की, बादलीचा सल्ला याच गृहस्थांचा. तेव्हा रिसीव्हर माझ्या हातातून गेला. (चहाही.)

माती सुधारेल तेव्हा सुधारेल. शालनचा शब्द रथसप्तमीला आहे आणि ती माझ्याशी फक्त भांड्यांमार्फत बोलते. लोभ या पत्रानंतरही उरला तर असू द्यावा.

आपला,
प्रभाकर

ता. क. – नाशिकला मेथी चांगली मिळते म्हणे. आदल्या दिवशी पोतंभर घेऊन यावं. मुळांची माती झटकू नये. घरची दिसली पाहिजे.

ता. क. २ – मंदाकिनीबाई खिडकीतच असतात. विचारलं तर भाजीवाला म्हणून सांगा. पण तुमचा आवाज त्यांच्या ओळखीचा झालाय, तेव्हा बोलू नका.

ता. क. ३ – तुम्ही न बोलता जिना चढाल यावर शालनचा विश्वास नाही. तरी भागीरथीताईंनाच पाठवा. तुमचा तिळगूळ टपालाने येईल.