एकही हात वर नको

लिओं, १४ एप्रिल १८६८

चि. सौ. एल्सबेथ हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

व्रेनी तशीच आहे. डॉक्टर म्हणतात, माझी लेक फार तर पानगळीपर्यंत. तुझा नासपतीचा पाव पोचला. दोन घास तिनं खाल्ले, उरलेला जावयानं फस्त केला.

आता काम ऐक. मेच्या पहिल्या रविवारी गाव पुन्हा प्रमुख निवडेल. अकरा वर्षं मला सोडत नाहीत; आत्ताही पोरीच्या आजारपणासाठी मेपर्यंतचीच रजा दिली आहे. निवडून आलो की नाही म्हणायची सोय नाही, आणि पासष्टीची सूट मिळायला अजून दोन वर्षं आहेत. शपथ घ्यायची आणि वर्षभर गावातच राहायचं. नाकारलं तर गावचा हक्क जातो, आणि त्याबरोबर चर्चच्या आवारातली, व्रेनीच्या आईच्या कबरीशेजारची जागाही. पोरीला तर तिथंच यायचंय. मलमलीचा धंदा मुनीम बघेल. तू घरोघर जाऊन एवढंच सांग की माझ्यासाठी एकही हात वर नको. मला पोरीजवळ बसू द्या.

तुझे यजमान उएली यांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा, बार्टली

वाल्डेग, ४ मे १८६८

ती. दादांस,
एल्सबेथचा शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. आम्हा बायकांना मत नसलं तरी पाय आहेत, म्हणून सगळं गाव पालथं घातलं. प्रत्येकानं शब्द दिला. सफरचंदांच्या झाडांतून रस्ता नेला म्हणून तुम्हाला अजून शिव्या घालणारा तो लोहार, तो तर खुशीनं म्हणाला की हातांवर बसून राहीन.

काल मी बायकांबरोबर भिंतीशी उभी होते. तुमचं नाव पुकारलं आणि एकही हात वर गेला नाही. माझे डोळे भरून आले. देवाशपथ सांगते दादा, तुम्ही सुटलात म्हणून. पण आमच्या ह्यांनी नेमकं वळून पाहिलं. त्यांना वाटलं, भर गावात भावाचा अपमान मला सोसवला नाही. निदान एक तरी हात असू दे, म्हणून त्यांनी वर केला. मग एकट्याचा वाईट दिसतो म्हणून लोहारानं केला. मग काय, बघता बघता सगळं मैदान हातांनी भरलं. मी ओरडत होते, पण बायकांच्या ओरडण्याकडे कोण बघतं. मोजायचीही गरज पडली नाही.

मीच रडले नसते तर बरं होतं. ह्यांच्याशी मी बोलत नाही, तेही जेवलेले नाहीत. शपथ सतरा तारखेला आहे. रागवा, पण टाकू नका.
तुमची एल्सबेथ

लिओं, १० मे १८६८

चि. सौ. एल्सबेथ हिस,
आशीर्वाद. वि. वि.

आधी उएलींना जेवायला वाढ. त्यांच्या जागी मीही हात वर केला असता. कुणावर रागवायचं तेच कळत नाही, बाई.

व्रेनीला सांगणार नव्हतो, पण माझ्या तोंडावरून तिनं ओळखलं. सगळं ऐकून खोकला येईपर्यंत हसली. म्हणाली की मीही त्याच गावची ना, आणि पांघरुणातून हात काढून वर केला. मी खाली ठेवायला गेलो तर ठेवू देईना, म्हणाली की बाबा, आधी मोजा.

मी मोजला. तिला जावयावर सोपवून मंगळवारी एकटाच निघतोय. तिच्या आईशेजारची जागा तेवढी साफ करून ठेव.

स्टेशनवर ये, एकटीच ये.
तुझा दादा, बार्टली