झोपेआधीचा पेला

सोमवार, ३ जून

झोपली! पेला रिकामा केला, तोंड पुसलं, आडवी झाली आणि डोळे मिटले. दूध कोमट, साखर अजिबात नाही. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवणाऱ्या बाईच्या घरात पोरीचे दात किडले तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही.

अनाथ मुलांच्या संस्थेतून घरी आणल्यापासून मुंगीला झोप अशी नव्हतीच. (नाव चांगलं आहे तिचं. पण चालताना पायांचा आवाज होत नाही म्हणून यांनी मुंगी केलं, आणि तेच चिकटलं.) पाच वर्षांचं पोर आणि डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. डॉक्टर म्हणाले, औषधबिषध काही नको, झोपायच्या आधी कोमट काहीतरी प्यायला द्या, रोज एकच वेळ पाळा. गुण आला म्हणायचा.

बुधवार, ५ जून

सासूबाईंना माझं दूध पटलेलं नाही. "नुसतं दूध? अगं, चिमूटभर जायफळ घाल, बघ कशी गाढ झोपते ती." हे म्हणतात, बडीशेपेचं पाणी दे, पोट हलकं राहतं. यांना स्वतःला उभ्या उभ्या झोप लागते, त्यासाठी काय पितात कोण जाणे. मी म्हटलं, एक पेला, माझ्या हातचा. विषय संपला.

मुंगीला विचारलं, आवडतं ना गं दूध?

"हो मावशी. छान आहे."

मावशी म्हणते मला. संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्याच मावश्या होत्या. मनाला लावून घ्यायचं नाही, असं रोज ठरवते.

शनिवार, ८ जून

तिचे फ्रॉक ठेवायला कपाट उघडलं तर मागच्या बाजूला चादर. ओली, वास मारणारी आणि घडी घातलेली! तेवढ्याशा हातांनी कशी घातली असेल? मी चादर धरून उभी, आणि ती दारात. म्हणाली, "मी परत नाही करणार. मला इथेच ठेवा."

इथेच ठेवा. मी उचलून घेतलं तिला.

संध्याकाळी छडा लागला. सासूबाई तिला खोलीत बोलावून जायफळाचं दूध पाजत होत्या. हे दुकानातून आले की बडीशेपेचं पाणी. वर माझा पेला. ते दोघंही चोरून, दोघंही "कुणाला सांगू नकोस हं" म्हणत. इवल्याशा पोटात तीन पेले, गादी कोरडी राहणार कशी? स्वयंपाकघरात आमची चांगलीच जुंपली.

"पण ती नको म्हणाली नाही ना," हे म्हणाले.



सोमवार, १० जून

संस्थेच्या ताईंचा फोन. महिनाअखेरी घरी येणार, आणि मुंगी कायमची आमची की नाही ते त्या भेटीवर ठरणार. कागद चोख आहेत म्हणाल्या. "फक्त शेवटी मी तिला विचारीन, माझ्याबरोबर परत यायचंय का. तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहावं लागतं मला."

विचारा की, मी म्हटलं. मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

बुधवार, १२ जून

आज लॅबमध्ये दोन कवळ्या परत आल्या, चावताना टोचतात म्हणून. डोकं ठिकाणावर नव्हतं. घरी आल्यावर वाटलं, गादी कोरडी राहतेय बिचारीची, एक दिवस साखर घालू. पातेल्यातच चमचाभर घातली. ती गटागटा प्यायली. "छान आहे मावशी."

पातेल्यात घोटभर उरलं होतं, ते मी तोंडाला लावलं आणि तशीच बेसिनकडे धावले. मीठ! सासूबाईंनी डबे हलवलेत ते मला ठाऊकच नाही. आणि तिनं अख्खा पेला संपवला होता. कपाळावर एक आठी नाही.

खोलीत गेले. डोळे मिटलेले, पण पापण्या थरथरत होत्या.

"झोपलीस?"

"हो," डोळे न उघडता म्हणाली.

म्हणजे इतके दिवस ती झोपतच नव्हती. पेला संपवायचा, डोळे मिटायचे, की मोठी माणसं खूश. आणि मी इथे लिहून ठेवलंय, गुण आला!

तिला दूध आवडतं की नाही, हेच मला माहीत नाही. आणि ताई विचारणार आहेत, येतेस का माझ्याबरोबर. ही काय म्हणेल? हो म्हणेल. सगळ्यांना म्हणते तसंच. ताई ते लिहून घेतील.

गुरुवार, १३ जून

दोघांना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "त्यात काय, शिकवू या की. ताईंनी विचारलं की नको म्हणायचं, दहा वेळा घोकून घेते मी तिच्याकडून."

"म्हणजे आपल्यासाठी अजून एक पेला संपवायचा तिनं," हे म्हणाले.

या माणसाचं क्वचित बरोबर असतं, आणि तेव्हाच फार राग येतो. घोकून घ्यायचं नाही असं ठरलं.

रविवार, १६ जून

ताईंचं नाव नाही काढायचं, पण घरात "नको" ऐकू तर येऊ दे! म्हणून आज जेवताना तिघांनी सपाटा लावला. यांना भोपळा नको. मला आज भांडी घासायला नको. सासूबाईंनी तर दुपारचा चहा नको म्हटलं आणि तासभर कपाळ धरून बसल्या. मुंगी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

"तुला अजून वाढू?"

"हो."

पोट टम्म झालेलं दिसत होतं तिचं.

बुधवार, १९ जून

अर्धाच पेला दिला. "छान आहे." अजून तेच.

शेजारी आडवी झाले आणि म्हटलं, झोप येत नसेल तर डोळे उघडे ठेवलेस तरी चालतं.

एक डोळा उघडला. "रागावणार नाही?"

"झोप आली नाही म्हणून कुणी रागावतं का? मग तुझ्या काकांवर झोप आली म्हणून रोज ओरडावं लागेल."

हसली. बारीकसं, पण हसली. दात कसे करता, विचारलं. मी सांगत बसले, आधी तोंडाचं माप, मग प्लास्टर, मग मेण, मग एकेक दात बसवायचा. खालच्या दाढांपर्यंत आले तर ही झोपलेली. खरीखुरी! तोंड उघडं, माझ्या बाहीवर लाळ. हात मुंग्या येऊन बधिर झाला, पण मी हलले नाही. फार आवडते मला ही पोर. ताईंच्या कागदावर ते कुठे लिहायचं असतं, कोण जाणे.

मंगळवार, २५ जून

परवा ताई. तिला कानात सांगावंसं फार वाटतं. सांगितलेलं नाही.

गुरुवार, २७ जून

ताई आल्या. घर पाहिलं, चादरी पाहिल्या, चहा झाला. मग तिला जवळ घेऊन विचारलं, येतेस माझ्याबरोबर परत? सासूबाई उठून आत गेल्या. मी यांच्या शर्टाची बाही धरली होती.

मुंगीनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नको."

ताईंनी लिहून घेतलं. आणखी काही सांगायचंय का, म्हणाल्या.

"दूधपण नको," ती म्हणाली. "मला आवडत नाही दूध."