चौथ्या जागेवरचा खो
मुखेड, गुरुवार, संध्याकाळ

आज खो-खोच्या सरावात चौथ्या जागेवरची रुक्मिण दोनदा खो न मिळताच उठून पळाली. रागावले, तर म्हणाली, "मॅडम, पाठीवर हात पडला हो." खोटं बोलते म्हणून तिला संघातून काढलं. मग कसं बसायचं ते दाखवायला मीच तिथं बसले. पाठलाग करणारी मुलगी पार पलीकडच्या खांबाजवळ होती. तरी पाठीवर हात पडला. लहानसा, गार. मी उठून पळतच सुटले. भास असेल? एवढ्या उकाड्यात गार हात? पोरी हसल्या. रुक्मिण मात्र जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुमालाबी तिनंच खो दिला का?"

तिला संघात परत घेतलं. 'ती' कोण, हे विचारायचा धीर झाला नाही.