दाराच्या आतला दगड

बाबा,

आज फेब्रुवारीतला दुसरा रविवार. सकाळी नदीवर जाऊन आले, शेवाळ धुतलं, दुपारी आत्या लाखनीहून आली आणि ऊन उतरायच्या आत परत गेली. चहा तिने घेतला नाही. उद्या पहिल्या बसने मला माझी बरणी नागपूरला कॉलेजात पोचवायची आहे, शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन आहे. वाद त्या बरणीवरूनच झाला, आणि त्यात तुम्हीही होतात, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते. मी पुढे काय करणार हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. मी काचेच्या मोठ्या बरण्यांमध्ये लहान रानं उभी करते. कॉलेजात त्याला टेरारियम म्हणतात. तळाला कोळसा आणि वाळू, वर माती, मग शेवाळ, आणि त्यात मला सापडलेल्या वस्तू. वाळवीने पोखरलेलं मोहाचं मूळ, बोडीच्या पाण्यातल्या कमळाचं वाळलेलं बोंड, शिंपले, गोटे. सर म्हणतात, यात बागकाम कमी आणि मूर्तिकाम जास्त आहे. आई रोज सकाळी काचेला नाक लावून बघते आणि विचारते, "मुरले का गोटे?" विकत आणलेलं मी काहीच घालत नाही. जे पायाखाली सापडलं तेच घालते.

ही सवय मला तुमच्या घरात लागली आणि तुमच्या घरात तिला जागा नव्हती. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये आपण राहायचो. दारूगोळ्याच्या कारखान्याच्या फाटकावर सुटी झाल्यावर तुमची झडती व्हायची, आणि तीच झडती तुम्ही घरी आणली होती. मला अजून ते दिसतं. मी खेळून येते आहे, तुम्ही पायरीवर बसला आहात, बूट अजून काढलेले नाहीत, आणि मी न सांगता फ्रॉकचे खिसे उलटे करते. चिंचोके, एक पीस, कासवाच्या पाठीसारखा दगड. तुम्ही रागावत नाही. एवढंच म्हणता, "जे आपलं नोहोय ते घरात येत नाही." मग सगळं कंपाउंडच्या भिंतीपलीकडे जातं. आई आतून म्हणायची, फाटकावरचा जमादार बरा, तो लेकरांना तरी सोडतो. तुम्ही हसायचात. नियम मात्र सोडला नाही.

एकदा तुम्ही स्वतः रस्त्यात पडलेलं सुगरणीचं घरटं सायकलच्या हँडलला अडकवून आणलंत. माझ्यासाठीच आणलं होतंत. पण ते भिंतीवर ठेवलंत आणि मला हाक मारलीत, "पाहाचं असन त बाहेरच पाय." मी अंधार पडेपर्यंत तिथे उभी होते. सकाळी ते नव्हतं. वाऱ्याने नेलं की मांजराने, कोण जाणे. ही गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, आणलं तर होतं ना बापाने. मी तसं म्हणत नाही. तुम्ही ते आत आणायला हवं होतं, बाबा. फाटकाचा नियम फाटकावर ठेवायचा होता. आपल्या घरात कोणती दारू भरलेली होती?

मग तुम्ही गेलात. ज्या दगडाने दादाने चितेपुढे मडकं फोडलं तो जीवखडा, म्हणजे तुम्हीच, असं मला सांगितलं. तो पांढऱ्या फडक्यात गुंडाळून अंगणातल्या पेरूच्या झाडाला बांधला. घरात आणत नाहीत म्हणाले. दहा दिवस मी खिडकीतून त्या गाठोड्याकडे बघत होते. दहाव्याला माणसं तो घेऊन नदीवर गेली आणि वैनगंगेत सोडून आली. मी पण येते म्हटलं तर पोरी घाटावर येत नसतात म्हणाले. पुढे क्वार्टर सोडून आम्ही नदीकाठी कारध्याला आलो, आणि आता मी दर आठवड्याला त्याच पात्रात एकटी उतरते. मला कोणी अडवत नाही, आणि अडवलं तरी मी थांबणार नाही.

आत्याने आज आधी थट्टाच केली. लोकं बरनीत लोनचं घालतात, आमची पोरगी गोटे घालून राहिली, म्हणाली. मग मधला काळा गोटा तिला आवडला आणि तिने तो कुठला म्हणून विचारलं. आईने सांगून टाकलं. आत्याचा हात काचेवरून खाली आला. "घाटावरचा गोटा घरात आनला? काहून वं?" त्या पात्रातला कोणता दगड कोणाचा जीवखडा असेल सांगता येत नाही, तिच्या भावाचाही असेल, आत्ताच्या आत्ता काढ आणि पाण्यात टाकून ये, असं ती म्हणत राहिली. गोटे काय, लाखनीच्या रस्त्याला ढिगाने पडले आहेत, त्यातला एक घाल म्हणाली. दगड काढला तर त्याच्यावर तोललेलं मूळ खाली बसतं आणि हिवाळाभर धरवलेलं शेवाळ फाटतं, म्हणजे उद्या न्यायला काही उरत नाही. पण मी ते कारण दिलं नाही. आई माझ्याकडे बघत होती. आत्या तुमच्यापेक्षा मोठी, तिच्यापुढे आपल्या घरात कोणी बोललेलं नाही, आणि मी तर कोणापुढेच फारशी बोलत नाही.

मी म्हटलं, "असन त असू द्या, आत्या. दहा दिवस झाडाले बांधून बाहेर ठेवलं त्याले. आता आत राहू द्या."

आत्याने बरणीकडे पाठ केली. मग आईला म्हणाली, "बापावर गेली हे. ऐकाची नाही." आणि पिशवी उचलली. आई तिला बसपर्यंत सोडायला निघाली. दारातून वळून मला म्हणाली, "झाकन नीट लाव."

तो दगड तुमचा आहे असं मी म्हणत नाही. नदीत दगडांना काय कमी. तुमचा नसला तरी तो आतच राहील, आणि उद्या बरणीपुढच्या पट्टीवर माझं नाव असेल. हे तुम्हाला आवडलं नसतं, हे मला माहीत आहे. हा कागद कोणाला दाखवायचा नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून ठेवते. अजूनही नदीवरून आले की मी पायरीवर थांबते आणि कुडत्याचे खिसे उलटे करते. आज सकाळीही केले, घरात तेव्हा कोणी नव्हतं.

आई अजून आलेली नाही. सकाळचे शिंपले पायरीवरच राहिले आहेत. ते आत आणते, धुते आणि खिडकीत वाळत ठेवते.