‘इतर’ नसलेला अर्ज

४ नोव्हेंबर २०२४
खटक-खट, खटक-खट! या आवाजानं जाग आली. पण गल्लीतले माग बंद पडून वर्षं झाली. हा स्वप्नातला, शाळेमागचा माग, साठ वर्षांपूर्वीचा! त्याच्याच तालावर पाचवीत आम्ही गुरुजींनी स्वतः रचलेली कविता म्हणायचो — ‘माळावरल्या बाभळीबाई, सावली कुणाला देशी?’ तीन कडवी येतात. चौथं येत नाही. गुरुजी गेले. कुठल्या पुस्तकात ती नाही.

६ नोव्हेंबर
वर्गमित्रांना विचारायचं — पण रीतसर, वर्डमध्ये अर्ज करून! जन्म कचेरीत कोरे अर्ज टाइप करण्यात गेला. राजनंदिनी पुण्याहून फोनवर शिकवते. मुलगी माझी, पण मास्तरीण कडक! नावासाठी यादी, बाणावर टिचकी मारली की उलगडते. ‘आठवतं’पुढं खुणेचा चौकोन. कडव्यासाठी पेटी. सातवीच्या फोटोवरून एकवीस नावं घातली. एकेका नावाशी रेंगाळलो. “बाबा, यादीत खाली ‘इतर’ ठेवा हं.” म्हटलं, आमच्या वर्गात ‘इतर’ कोणी नव्हतं!
शेवटी कुलूप — रकाने तेवढे भरता येतात, बाकी कशाला हात लागत नाही. नऊ जणांच्या मुलांचे ईमेल मिळाले. पाठवला.

९ नोव्हेंबर
उत्तर नाही. दिवसभरात एकच शब्द बोललो — दूधवाल्याशी. “अर्धा.”

१० नोव्हेंबर
टेंभुर्णीहून वर्गातल्या कुंडलिकचा फोन. “अमृता, लेका, बोटं झिजली, पेटीत अक्षर उमटंना की!” चूक माझीच. पेटी म्हणून नुसती चौकट आखली, भरायचा रकाना आत घातलाच नाही! कुलूप काढलं, दुरुस्त केलं, पुन्हा पाठवला. “मी बी फुडं ढकलतो जिकडंतिकडं,” म्हणाला.

१७ नोव्हेंबर
पाच अर्ज परत आले. नावं निवडलेली, पेट्या कोऱ्या. फक्त कुंडलिकची भरलेली — ‘काल काय जेवलो आठवंना, कडवं कुठलं!’ हसलो. पण मी गेलो की उरलेली तीनही जाणार.

२४ नोव्हेंबर
दुपारी कडी वाजली. दारात काठी टेकून एक म्हातारी.
“अमृत न्हवं का तू? मी नागम्मा. खिडकीपाशी बसायची.”
पाचवीतच शाळा सुटली तिची, मागावर गेली. सातवीच्या फोटोत कुठली असणार!
“नातू म्हणला, आज्जी, यादीत तू न्हाईस, अर्ज भरताच येईना. मग कुंडलिकाकडनं पत्ता घेतला. बघतोस काय? आत घे की! चौथं कडवं सांगते — लिवून घे.”